‘ॲथलेटिक फी’ जाते कुठे? अमेरिकी विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा हिशेब कसा मागावा, कसा वाचावा

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये भाचीचा फोन आला. साताऱ्याहून अमेरिकेत येऊन तिला जेमतेम दहा दिवस झाले होते. “मावशी, फीच्या बिलात ॲथलेटिक फी म्हणून पैसे लावलेत. मी तर कुठलाच खेळ खेळत नाही. ही ओळ काढून घेता येते का?”

काढून घेता येत नाही, हे मी तिला लगेच सांगितलं. पण ते पैसे नेमके कशाला जातात हे सांगायला मला पाच महिने लागले. मी एडिसनला, न्यू जर्सीत राहते. हिशेब तपासणं हे माझं रोजचं काम आहे. तरीही तिच्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा ताळेबंद समोर आल्यावर सुरुवातीला काही उलगडेना. मग जी नवी मुलं शैक्षणिक कर्ज काढून इथे येतात आणि तिकडे ज्यांचे आईवडील हप्ते मोजतात, त्यांना हे कसं कळावं? त्यांच्यासाठी हा लेख. यातली प्रत्येक पायरी मी स्वतः चढले आहे, आणि बहुतेक पायऱ्यांना वेळ सोडला तर काही खर्च येत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. माझा राग खेळावर नाही. शनिवारी पन्नास हजार माणसं एका मैदानात येतात, त्यात आपली मुलंही असतात, त्यांना ते आवडतं; आवडावंच. माझा प्रश्न एवढाच आहे की तूट आली की ती कोण भरतं, आणि ज्याच्या खिशातून भरली जाते त्याला ते सांगितलं जातं का.

पहिली पायरी: बिलातली ओळ ओळखा

नव्या मुलांचा इथेच गोंधळ होतो. ‘रिक्रिएशन फी’ वेगळी आणि ‘ॲथलेटिक फी’ वेगळी. पहिलीतून जिम, पोहण्याचा तलाव, बॅडमिंटनचं कोर्ट चालतं, आणि तुम्ही ते वापरू शकता. दुसरी जाते आंतरविद्यापीठीय संघांकडे: फुटबॉल (म्हणजे अंडाकृती चेंडूचा अमेरिकी फुटबॉल), बास्केटबॉल आणि इतर स्पर्धात्मक खेळ, त्यांचे प्रशिक्षक, प्रवास, शिष्यवृत्त्या. काही ठिकाणी अशी वेगळी ओळच नसते. ‘स्टुडंट फी’ किंवा ‘कॅम्पस फी’ या एकाच आकड्यात सगळं गुंडाळलेलं असतं. अशा वेळी फी जमा करणाऱ्या कार्यालयाला, म्हणजे बर्सरला, दोन ओळींचा ईमेल पाठवा: या फीची विभागवार फोड कुठे मिळेल? बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत अशी फोड असते, फक्त ती कुणी विचारत नाही.

दुसरी पायरी: विद्यापीठ कुठल्या प्रकारचं, ते आधी ठरवा

पुढे कोणती दारं उघडतील ते यावर अवलंबून आहे. विद्यापीठ राज्याचं असेल, तर राज्याचा माहिती-कायदा त्याला लागू होतो. खासगी असेल, तर तो कायदा लागू नाही. मग केंद्राला द्यावे लागणारे अहवाल आणि करविवरण यांवरच भागवावं लागतं. पेनसिल्व्हानियात तिसराच प्रकार आहे. पेन स्टेट, पिट्सबर्ग, टेम्पल ही विद्यापीठं राज्याकडून पैसे घेतात, पण ‘राज्य-संलग्न’ या नावाखाली राज्याच्या माहिती-कायद्यातून मोठ्या प्रमाणावर बाहेर राहिली आहेत. आपल्याकडे माहिती अधिकारात सरकारकडून भरीव आर्थिक साहाय्य मिळणारी संस्था कायद्याच्या कक्षेत येते. तोच वाद इथे वेगळ्या कपड्यांत भेटतो.

इथेच एक चूक टाळा. सरकारी माहिती मागण्याचा अमेरिकेतला ‘फोया’ हा कायदा सगळ्यांनी ऐकलेला असतो, आणि पहिला अर्ज बहुतेक जण त्याच्याच नावाने लिहितात. तो १९६६ चा कायदा फक्त केंद्र सरकारच्या खात्यांना लागू आहे. राज्याच्या विद्यापीठाला त्या त्या राज्याचा कायदा लागतो. न्यू जर्सीत त्याला ‘ओप्रा’ म्हणतात.

तिसरी पायरी: फुकट मिळणारा अहवाल आधी काढा

१९९४ च्या कायद्यामुळे, केंद्राच्या विद्यार्थी-मदतीचा लाभ घेणाऱ्या आणि आंतरविद्यापीठीय संघ असलेल्या प्रत्येक सहशिक्षण संस्थेला दरवर्षी १५ ऑक्टोबरपर्यंत क्रीडा विभागाचा अहवाल तयार ठेवावा लागतो. याला ‘ईएडीए’ अहवाल म्हणतात. खासगी विद्यापीठंही यातून सुटत नाहीत. केंद्रीय शिक्षण खात्याच्या ‘इक्विटी इन ॲथलेटिक्स’ या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव टाकलं की तो मिळतो. मूळ हेतू मुलामुलींच्या संघांना समान संधी मिळते का हे पाहण्याचा असल्यामुळे आकडे संघवार आणि स्त्री-पुरुष असे विभागलेले असतात: किती खेळाडू, प्रशिक्षकांचा सरासरी पगार, खेळाडू मिळवण्यासाठीचा खर्च, एकूण उत्पन्न, एकूण खर्च.

तो उघडला की एक नवल दिसतं. कितीतरी विद्यापीठांचं उत्पन्न आणि खर्च डॉलरला डॉलर जुळलेले असतात. पाहणाऱ्याला वाटतं, किती चोख कारभार! पण आडात नाही ते पोहऱ्यात आलं कुठून? विद्यापीठाने आपल्या तिजोरीतून दिलेली रक्कम आणि तुमची फी हीसुद्धा इथे ‘उत्पन्न’ म्हणून धरता येते. तूट जेवढी, तेवढं अनुदान ओतलं की तक्ता जुळतो. म्हणून हा अहवाल खर्चाचा अंदाज घ्यायला वापरा. खेळ नफ्यात आहे की तोट्यात, हे यावरून ठरवू नका.

चौथी पायरी: खरा कागद, एनसीएएचा आर्थिक अहवाल

महाविद्यालयीन खेळांची मोठी संघटना म्हणजे एनसीएए. तिच्या पहिल्या श्रेणीतल्या प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी १५ जानेवारीपर्यंत तिला सविस्तर आर्थिक अहवाल पाठवायचा असतो. पाणी मुरतं कुठे, ते इथे दिसतं. संघटना स्वतः हे अहवाल विद्यापीठवार लोकांसमोर मांडत नाही. सार्वजनिक विद्यापीठांकडून मात्र माहिती-कायद्याखाली मागता येतात, आणि पत्रकार दरवर्षी मागतात. महाविद्यालयीन खेळांत सुधारणा व्हावी म्हणून काम करणारा नाइट आयोग आणि सिरॅक्यूज विद्यापीठाची न्यूहाउस पत्रकारिता शाळा यांनी मिळून अशा अहवालांचा एक खुला माहितीसंच केला आहे, तो आधी पाहा. तुमचं विद्यापीठ त्यात असेल तर अर्ज करायचीही गरज पडत नाही.

अहवालात उत्पन्नाच्या बऱ्याच ओळी असतात: तिकिटं, देणग्या, प्रक्षेपणाचे हक्क, परिषदेकडून म्हणजे ‘कॉन्फरन्स’कडून (आपापसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाकडून) येणारा वाटा, जाहिराती. त्या सगळ्या सोडून आधी चार ओळींवर बोट ठेवा. विद्यार्थी फी. राज्य किंवा इतर सरकारी मदत. विद्यापीठाचं थेट साहाय्य. विद्यापीठाचं अप्रत्यक्ष साहाय्य. या चारांची बेरीज म्हणजे खेळाने स्वतः न कमावलेला पैसा.

समजा एकूण उत्पन्न ४ कोटी डॉलर दाखवलंय. त्यात फी १ कोटी आणि विद्यापीठाचं साहाय्य दीड कोटी. म्हणजे अडीच कोटी, शंभरात साडेबासष्ट डॉलर, बाहेरून आले. विद्यार्थी वीस हजार असतील तर डोई साडेबाराशे डॉलर. बिलातल्या ओळीशी हा आकडा ताडून पाहा. बिलात दिसते फक्त फी. साहाय्याचा पैसा शिकवणी-शुल्क आणि राज्याचं अनुदान ज्या एकाच हौदात पडतात, त्यातून येतो.

अप्रत्यक्ष साहाय्याची ओळ विशेष बारकाईने बघा. वीज, सफाई, सुरक्षा, कायदा विभागाचा वेळ, इमारतीची देखभाल हे विद्यापीठ फुकट देत असेल, तर त्याची किंमत या ओळीत यायला हवी. भाचीच्या विद्यापीठात ही ओळ दोन वर्षं चक्क कोरी होती. एवढं मोठं मैदान, आणि विजेचं बिल शून्य? मी विचारलं, तर उत्तर आलं की “तो खर्च वेगळा काढला जात नाही.” खर्च झालाच नाही, असं या उत्तरात कुठेही म्हटलेलं नाही.

आणखी दोन गोष्टी. एक, या अहवालासोबत लेखापालाचं पत्र असतं, पण ते लेखापरीक्षणाचं मत नसतं. ठरवून दिलेल्या काही तपासण्या केल्या आणि हे आढळलं, एवढंच ते सांगतं. कुणी “आमचा हिशेब ऑडिट झालाय” म्हणून हे पत्र पुढे केलं तर ते पत्र नीट वाचा. दोन, कर्ज. तूट भरायला विद्यापीठ क्रीडा विभागाला आतल्या आत उसने पैसे देतं. ते त्या वर्षी अनुदान म्हणून दिसेलच असं नाही, पण कर्जाच्या तक्त्यात सापडतं. शिल्लक कर्ज किती, कुणाचं, व्याज किती आणि फेडणार कशातून, हे चारही विचारा.

माझ्या घराजवळचं उदाहरण रटगर्सचं. १७६६ साली सुरू झालेलं हे न्यू जर्सीचं राज्य विद्यापीठ. अमेरिकेतला पहिला महाविद्यालयीन फुटबॉल सामना १८६९ मध्ये इथेच, प्रिन्स्टनविरुद्ध झाला. एडिसन-पिस्कॅटवे भागातल्या मराठी घरांतली कितीतरी मुलं तिथे शिकतात. २००६ साली या विद्यापीठाने तलवारबाजी, पुरुषांचं टेनिस, पोहणं, नौकानयन असे सहा संघ बंद करण्याचं जाहीर केलं. फुटबॉल मात्र वाढत गेला. २०१४ मध्ये ‘बिग टेन’ या श्रीमंत परिषदेत प्रवेश मिळाला आणि आता खेळ स्वतःच्या पायावर उभे राहतील अशी आशा दाखवली गेली. २०२०-२१ या करोनाच्या वर्षात क्रीडा विभागाची तूट ७ कोटी डॉलरच्या पुढे गेली, आणि ती फी, विद्यापीठाचं साहाय्य व कर्ज यांतून भरून काढावी लागली. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथल्या प्राध्यापकांनी विद्यापीठाच्या इतिहासातला पहिला संप केला. पगार तुटपुंजा आणि खेळावर खर्च अफाट, ही तक्रार त्या काळात कॅम्पसवर सतत ऐकू येत होती.

पाचवी पायरी: करार मागा, आणि करारासोबतची पत्रंही

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो, विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. त्याचा करार सार्वजनिक कागद आहे. पण नुसता करार मागितला की फक्त करारच हातात पडतो.

२००८ साली ‘स्टार-लेजर’ या इथल्या वर्तमानपत्राने रटगर्सचं प्रकरण उघडं केलं. फुटबॉल प्रशिक्षक ग्रेग शियानो यांच्या जाहीर पगाराशिवाय आणखी अडीच लाख डॉलरची सोय झाली होती. हे पैसे विद्यापीठाच्या पगारपत्रकातून न जाता, विद्यापीठाचे जाहिरात-हक्क सांभाळणाऱ्या खासगी कंपनीमार्फत जात होते. शिवाय एक वेगळं पत्र होतं: स्टेडियमचा विस्तार वेळेत झाला नाही, तर प्रशिक्षकांना दंड न भरता करार सोडून जाता येईल. विस्तार होता १० कोटी २० लाख डॉलरचा, आणि त्यातल्या ३ कोटींच्या खासगी देणग्या जमवणं जड जात होतं. म्हणजे मैदान बांधायची घाई कशासाठी, याचं एक कारण लोकांसमोर नसलेल्या कागदात होतं. चौकशी झाली, आणि त्याच डिसेंबरमध्ये क्रीडा संचालकांना पद सोडावं लागलं.

या प्रकरणातून मी अर्जात लिहायचे शब्द शिकले: “करार, त्यातल्या सर्व दुरुस्त्या, पुरवणी पत्रं, सामंजस्य-पत्रं, आणि प्रशिक्षकाला तिसऱ्या पक्षाकडून मिळणाऱ्या मोबदल्याचे करार.” एनसीएएच्या अहवालातही तिसऱ्या पक्षाने दिलेल्या मोबदल्याची वेगळी ओळ असते. ती शून्य असेल आणि जाहिरात-कंपनीच्या करारात प्रशिक्षकाचं नाव असेल, तर प्रश्न विचारायला जागा आहे.

करारात शेवटाकडून वाचायला लागा. काढून टाकल्यास काय द्यायचं, ते कलम तिथे असतं. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा त्यांचं देणं साधारण साडेसात कोटी डॉलरच्या वर होतं: १ कोटी ९२ लाख साठ दिवसांत, आणि पुढे २०३१ पर्यंत दरवर्षी ७२ लाख. काम न करण्याचे हे पैसे २०२१ मध्ये वाढवलेल्या करारातच लिहून ठेवले होते. सही होण्याआधी तो कागद कुणी शांतपणे वाचला असता, तर हा आकडा तेव्हाच दिसला असता. म्हणून नियामक मंडळाच्या बैठकीत नवा करार मंजुरीला आला की त्याच आठवड्यात मागा. प्रशिक्षकाला काढल्यावर नाही.

सहावी पायरी: फाउंडेशनचं दार

विद्यापीठाच्या शेजारी ‘फाउंडेशन’ किंवा ‘बूस्टर क्लब’ नावाची वेगळी ना-नफा संस्था असते. देणग्या तिच्याकडे जमतात आणि तिथून क्रीडा विभागाकडे जातात. “ती आमची संस्था नाही, खासगी आहे,” असं म्हणून विद्यापीठ हात वर करतं. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आयोवा स्टेट विद्यापीठाच्या फाउंडेशनबाबत हा युक्तिवाद मानला नाही: सरकारी काम तुम्ही करता, तर कागद उघडे ठेवा. सगळीकडे असं नाही.

पण एक कागद कुणी अडवू शकत नाही. करमाफी असलेल्या अशा संस्थेला दरवर्षी ‘फॉर्म ९९०’ भरावा लागतो, आणि तो मागेल त्याला दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. प्रोपब्लिका या संस्थेच्या ‘नॉनप्रॉफिट एक्सप्लोरर’वर तो नाव टाकून फुकट मिळतो. त्यात चार जागा बघा: मोठ्या पगारांचा तक्ता, परिशिष्ट ‘जे’, जिथे बोनस आणि इतर लाभ येतात, परिशिष्ट ‘एल’, जिथे संचालकांशी किंवा त्यांच्या नातेवाइकांशी झालेले व्यवहार येतात, आणि परिशिष्ट ‘आर’, जिथे जोडलेल्या संस्थांची नावं असतात. देणगीदारांची नावं मिळणार नाहीत. हा फॉर्म वर्ष संपल्यावर बऱ्याच महिन्यांनी येतो, तेव्हा दीड-दोन वर्षं जुने आकडे दिसले तर गोंधळू नका.

ही काळजी का घ्यायची, ते मिसिसिपीत दिसलं. सदर्न मिसिसिपी विद्यापीठात व्हॉलीबॉलचं केंद्र बांधायला सुमारे ५० लाख डॉलर आले. ते मूळचे गरीब कुटुंबांच्या साहाय्यासाठीचे केंद्राचे पैसे होते. एका ना-नफा संस्थेमार्फत ते विद्यापीठाच्या क्रीडा-फाउंडेशनकडे वळवले गेले, कागदावर भाडेकरार म्हणून. २०२० मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकाच्या अहवालाने ते बाहेर काढलं, आणि ना-नफा संस्था चालवणाऱ्या बाईंनी २०२२ मध्ये गुन्हा कबूल केला. देशातल्या सर्वांत गरीब राज्यांपैकी एक हे राज्य आहे. हे वाचल्यापासून कुठल्याही फाउंडेशनच्या हिशेबात ‘भाडं’ हा शब्द आला की मी थांबते आणि विचारते, भाडं कशाचं, आणि त्या जागेत खरंच कोण बसतं?

सातवी पायरी: अर्ज लिहा

अर्ज लहान ठेवा. प्रश्न विचारू नका, कागद मागा. “खेळावर एवढा खर्च का?” याला उत्तर द्यायला कायदा कुणाला बांधील करत नाही. पण “२०२४ या आर्थिक वर्षाचा एनसीएएला पाठवलेला आर्थिक अहवाल, लेखापालाच्या पत्रासह” असं लिहिलं की कागद ठरतो, वर्ष ठरतं, पळवाट उरत नाही. प्रत्यक्ष अर्ज इंग्रजीत जाईल. मी भाचीसाठी केलेल्या अर्जाचा मजकूर साधारण असा होता:

“राज्याच्या सार्वजनिक दस्तऐवज कायद्याखाली पुढील कागद इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळावेत: एक, वरील आर्थिक अहवाल. दोन, मुख्य फुटबॉल प्रशिक्षकाचा करार, सर्व दुरुस्त्या आणि पुरवणी पत्रांसह. तीन, विद्यापीठ आणि क्रीडा विभाग यांच्यातल्या अंतर्गत कर्जाचे करार आणि परतफेडीचा तक्ता. एखादा भाग गोपनीय वाटत असल्यास तेवढाच झाकून उरलेला द्यावा, आणि नकाराचं कलम लेखी कळवावं. शुल्क २५ डॉलरपेक्षा अधिक होत असल्यास आधी कळवावं.”

शेवटची दोन वाक्यं विसरू नका. पहिल्यांदा मी ती घातली नव्हती, आणि मला अख्ख्या अर्जालाच नकार आला होता.

न्यू जर्सीत सात कामकाजाच्या दिवसांत उत्तर यायला हवं, आणि अर्थसंकल्प, बिलं, व्हाउचर, नोकरीचे करार, पगार यांसारखे कागद साधारणपणे तातडीने द्यावेत असं कायदा म्हणतो. इतर राज्यांत मुदत वेगळी. आपल्याकडच्या तीस दिवसांची आणि दहा रुपयांच्या शुल्काची सवय असलेल्याला इथली शुल्कं कधी कधी डोळे पांढरे करतात, म्हणून संगणकीय प्रत मागा. व्हर्जिनियासारख्या राज्यांत अर्जाचा हक्क फक्त राज्यातल्या नागरिकांना आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. बाहेरून मागायचं असेल तर तिथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला विनंती करा. व्हिसावर असलेल्या मुलांना आपलं नाव पुढे यायला नको वाटतं, आणि मी ती भीती समजू शकते. भाचीसाठीचा अर्ज मी माझ्याच नावाने केला.

अहवाल आणि करार हाती आल्यावर मगच बिलांकडे वळा. रटगर्सच्या फुटबॉल संघाने २०२१-२२ च्या सुमारास साधारण वर्षभरात डोअरडॅशवरून मागवलेल्या जेवणाचं बिल साडेचार लाख डॉलरच्या वर गेलं होतं, हे पत्रकारांनी मागितलेल्या कागदांतूनच कळलं. मुलांनी जेवावं, पोटभर जेवावं. पण वार्षिक अहवालात हा खर्च एका मोठ्या ओळीत विरघळून गेलेला असतो. बिल पाहिल्याशिवाय त्यावर बोलताच येत नाही.

आठवी पायरी: नकार आला तर

तीन कारणं हमखास येतात. पहिलं ‘फेर्पा’, विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींचं रक्षण करणारा १९७४ चा कायदा. गुणपत्रिका जपायला तो हवाच. पण त्याच्या आडून कितीतरी क्रीडा विभाग ताकास तूर लागू देत नाहीत. ईएसपीएन या क्रीडावाहिनीने ओहायो स्टेट विद्यापीठाकडे मागितलेल्या कागदांबाबत ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये बहुतांशी विद्यापीठाची बाजू घेतली, मात्र काही कागद विद्यार्थ्यांची नावं झाकून द्यायला लावले. तेव्हा नावं मागूच नका, बेरजा मागा. प्रशिक्षकाचा पगार ही शैक्षणिक नोंद होऊ शकत नाही, हे शांतपणे लिहून कळवा.

दुसरं कारण व्यापारी गुपित. तिसरं, कागद फाउंडेशनकडे आहेत, हे वर सांगितलेलं कारण. जाहिरात-कंपनीचा करार मागितला की व्यापारी गुपिताचं कारण हमखास निघतं. तेव्हा दर झाकून बाकीचा करार मागा: मुदत, किमान हमी रक्कम, आणि कुणाकुणाला पैसे जातात ती कलमं.

आता यात नवीन भर पडली आहे. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई, आणि २०२५-२६ पासून विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट वाटा देण्याची मुभा, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंना त्यांच्या घामाचा पैसा मिळतोय, हे मला योग्यच वाटतं. पण तो कुठल्या खेळाला किती, मुलींच्या संघांना किती, आणि मुळात आला कुठून, हे विचारलं की अनेक ठिकाणी अळीमिळी गुपचिळी. केंटकी विद्यापीठाने तर एप्रिल २०२५ मध्ये क्रीडा विभागासाठी ‘चॅम्पियन्स ब्लू’ नावाची वेगळी कंपनीच मंजूर केली. अशी रचना झाली की पहिला प्रश्न हाच: या कंपनीला राज्याचा माहिती-कायदा लागू राहणार का? तो लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. वाट्याबाबत मागायचं ते खेळनिहाय एकूण रकमा आणि निधीचा स्रोत. यात कुणा एका मुलाची माहिती उघड होत नाही.

नववी पायरी: हे घेऊन जायचं कुठे

कागद मिळाले, बेरीज झाली; ती फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. बहुतेक विद्यापीठांत फी ठरवण्याआधी विद्यार्थी-फी समितीची सुनावणी होते, आणि नियामक मंडळाच्या खुल्या बैठकीत दोन-तीन मिनिटं बोलता येतं. नाव आधी नोंदवावं लागतं. विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र असेल तर तिथल्या मुलांना कागद द्या. ती फार चिकाटीने काम करतात. फीची मर्यादा कायद्याने ठरू शकते हेही लक्षात असू द्या. व्हर्जिनियाने २०१५ मध्ये, क्रीडा विभागाच्या उत्पन्नात फी आणि साहाय्याचा वाटा किती असावा यावर बंधन घातलं.

फेब्रुवारीत भाची तिच्या फी समितीपुढे उभी राहिली. तिने फक्त त्या कोऱ्या ओळीबद्दल विचारलं: अप्रत्यक्ष साहाय्य दोन वर्षं शून्य कसं? समोर उत्तर नव्हतं. लेखी देऊ म्हणाले. सहा आठवड्यांनी आलेल्या पत्रात सुधारित आकडा होता, आणि तो शून्य नव्हता. यंदा ती स्वतः त्या समितीत आहे. पुढचा अहवाल १५ जानेवारीनंतर मागायचा आहे. त्याच्या अर्जाचा मसुदा तिने मला परवा वाचायला पाठवला, आणि त्यात ‘सर्व पुरवणी पत्रांसह’ हे शब्द मी न सांगता आलेले होते.